नम्र व्हायला गेलं तरी लक्ष स्वतःकडेच राहतं. रोजच्या जगण्यात नेमकं काय करायचं?

पुण्याचा_पंच

सर्वांना सप्रेम जय ख्रिस्त.

वय ३४, नोकरी हिंजवडीत. यंदा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच म्हणून निवडून आलो आणि गायनमंडळ आधीपासूनच माझ्याकडे आहे. घरी आई, बायको आणि पपा. पपांना शुगर आहे, तळपाय बधिर झालेत, पण त्यांच्या पायांचं सगळं आई बघते. म्हणजे घरची अडचण अशी काही नाही. प्रश्न माझ्या आतला आहे.

उपासनेत प्रार्थना चालवायची पाळी आली की माझे डोळे मिटलेले असतात आणि कान मागच्या बाकांवर. 'आमेन' किती जोरात आलं ते मला कळत असतं. दुसऱ्याची साक्ष (प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं) चालू असताना माझ्या डोक्यात माझी साक्ष जुळत असते. कोणी आजारपणाचं सांगायला लागलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणतो, "आमच्या पपांचं पण अगदी असंच." ऑफिसातही तेच. मीटिंगमध्ये माझं नाव कधी येतंय याचीच वाट.

पाळकसाहेबांशी बोललो. ते प्रेमळ आहेत, त्यांनी लीनतेसाठी प्रार्थना केली. पण आपल्याकडे लीनता म्हणजे काय, तर कोणी कौतुक केलं की मान खाली घालायची आणि म्हणायचं, "मी कोण? मी तर माती. गौरव प्रभूला." मीही म्हणतो. खोटं म्हणत नाही, पण म्हणताना ते किती छान म्हटलं याकडेही लक्ष असतं. मग वाटतं, हा तर नुसता वेष झाला.

फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय पाठ आहे. 'पोकळ डौल' हे शब्द वाचले की ते माझ्यासाठीच लिहिलेत असं वाटतं. ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, हे मी मानतो आणि मनापासून मानतो. पण मंगळवारी सकाळी नऊ वाजता, टिफिन भरलेला, गाडीची चावी हातात, तेव्हा 'स्वतःला रिकामं करणं' म्हणजे हातांनी काय करायचं? उपदेश भरपूर ऐकलेत. कोणी खरोखर या वाटेने चाललं असेल तर त्यांनी सांगावं.


पाळकांचा_थोरला (सोलापूर)

भाऊ, जय ख्रिस्त. हा झगडा सगळ्यांचा आहे, घाबरू नको. १ पेत्र ५:५ वाच, नम्रतेचा कमरबंद बांधा असं सांगितलंय, कारण देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो. लूक १८ मधला, मंदिरात 'मज पाप्यावर दया कर' एवढंच म्हणणारा जकातदार आठव. माझे वडील आम्हाला लहानपणापासून सांगायचे की रोज रात्री झोपण्याआधी दिवसभराचा हिशेब प्रभूपुढे मांडायचा. कुठे गर्व आला, कुठे मी-मी झालं, एकेक आठवून कबूल करायचं. ईस्टरआधीच्या उपासकाळात ४० दिवस हे नेमाने कर. जमलं तर उपास धर. प्रभू नक्की मोडतो आणि घडवतो.


निवृत्त_सिस्टर (मिरज)

बाळा, तुझा प्रश्न सावकाश वाचला. उत्तर लांब होईल, वेळ काढून वाच.

मी नर्स. मिरजेला शिकले. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उघडलेला मिशन दवाखाना तुला ऐकून माहीत असेल. पुढे नोकरीची बरीच वर्षं कुष्ठरुग्णांमध्ये गेली. धर्मशास्त्र मला पाळकांइतकं येत नाही, पण पाय धुता येतात. त्यामुळे येशू शिष्यांचे पाय धुतो तो योहानाचा तेरावा अध्याय मी जरा त्या अंगाने वाचते.

कुष्ठरोगात नसा मरतात. पायाला लागलेलं माणसाला कळतच नाही. चपलेतून खिळा वर आलेला असतो आणि माणूस त्यावर दिवसभर चालतो. फरशीवर रक्ताचा ठसा उमटला म्हणजे समजतं, तेही बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला. औषधांनी जंतू मरतात, पण मेलेली नस परत येत नाही, म्हणून रोग बरा झाल्यावरही पाय जन्मभर जपावे लागतात. त्याचा रोजचा नेम ठरलेला. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय भिजवायचे, खरखरीत दगडाने घट्टे घासायचे, ओल्या कातडीवरच तेल चोळायचं आणि मग बघायचं. बोटं फाकवून बेचकीत बघायचं. तळव्यावर हाताची पाठ फिरवायची. एखादी जागा बाकीच्यापेक्षा ऊन लागली की समजायचं, इथे आत काहीतरी चालू आहे. घट्ट्याखाली काळपट दिसलं तर रक्त साकळलेलं असतं. पायात चालायला एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) मऊ चपल, बाजारातली कडक चपल नाही.

सकाळी ओसरीवर सगळे ओळीने बसायचे, पुढ्यात घमेली. ज्याचे डोळे अधू, त्याचे तळवे शेजारचा बघायचा. ज्याची बोटं झडलेली, त्याला तेल दुसरा लावायचा.

नर्सिंगच्या नवीन मुली यायच्या. काहींना वास सोसायचा नाही, चेहरा सांभाळण्यातच त्यांचा जीव जायचा. काहींना उलट भरून यायचं. प्रभूने केलं तेच आपण करतोय म्हणून डोळ्यांत पाणी. आमच्या इन्चार्ज सिस्टर दोघींनाही एकच प्रश्न विचारायच्या : "डाव्या करंगळीखाली काय होतं?" वास सोसणारीला सांगता यायचं नाही आणि रडणारीलाही नाही. मग सिस्टर न रागावता म्हणायच्या, "पुन्हा बस."

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. नम्रता तुझ्या आत कुठे आहे, किती आहे, खरी की खोटी, हे शोधायला जाऊ नकोस. तिथे तुला तूच सापडणार. समोरच्याच्या करंगळीखाली काय आहे ते तुला सांगता येतंय का, एवढं बघ.

आता योहान १३. वल्हांडणाच्या त्या रात्री शिष्यांत वाद होता की आपल्यात मोठा कोण. लूकने तो लिहून ठेवलाय, आणि तोही त्याच जेवणाच्या प्रसंगात. तिथे पाणी होतं, गंगाळ होतं, रुमाल होता, पण बारांतला एकही उठला नाही. येशू उठला. आणि तो उठण्याआधी योहान एक वाक्य लिहितो, जे आपण वाचताना ओलांडून जातो : पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे चाललो, हे त्याला ठाऊक होतं. हे ठाऊक असलेला माणूस वस्त्रं बाजूला ठेवतो आणि कमरेला रुमाल बांधतो. "मी कोण? मी तर माती," असं म्हणत तो उठलेला नाही. त्याला आपली जागा पक्की माहीत होती, म्हणून ती सांभाळत बसायची गरज पडली नाही. तुझे कान मागच्या बाकांवर का जातात, ते मला वाटतं इथे सापडेल. तुझी जागा पित्याने ठरवलेली आहे यावर तुझा विश्वास आहे, पण रविवारी ती तुला 'आमेन'वरून मोजावीशी वाटते.

येशूला धरून देणारा यहूदा तेव्हा अजून उठून गेला नव्हता. हे मला फार वर्षं आत लागून राहिलंय. त्याचेही पाय त्याच हातांतून गेले असणार.

सोलापूरच्या दादांनी रात्रीचा हिशेब सांगितला. दादा, तुमच्या वडिलांचा नेम चांगलाच आहे, आळशी मनाला तो हवाच. पण या मुलाला आत बघायचा आळस नाही, त्याला तेच फार येतं. त्याला रोज रात्री आणखी अर्धा तास स्वतःकडे बघायला लावलं तर दुखणं वाढेल. तुम्हीच आठवण काढलेला जकातदार एक वाक्य बोलला आणि घरी गेला. स्वतःच्या पुण्याईची मोठी यादी वाचणारा त्या गोष्टीत दुसरा होता, परूशी.

आता मंगळवार सकाळ. तू आपल्या आतल्याबद्दल एवढं लिहिलंस आणि मध्ये एका ओळीत पपांचे बधिर पाय सांगून पुढे गेलास. 'घरची अडचण अशी काही नाही' म्हणालास. बाळा, तिथे थांब. नऊला निघत असशील तर साडेआठ.

आईच्या हातून काम हिसकावून घेऊ नकोस. "मला दाखव, कसं करतेस," एवढंच म्हण. शुगरच्या पायाची पद्धत आमच्यापेक्षा थोडी वेगळी आहे, नीट ऐक. पाय भिजवत ठेवायचे नाहीत. कोमट पाणी, साबण, भरभर धुऊन घ्यायचे. पाणी किती गरम ते तुझ्या कोपराने बघ, त्यांच्या पायाने नाही, त्यांना कळणार नाही. मऊ पंच्याने टिपायचं, बोटांच्या बेचकीत खास करून. टाच आणि तळवा कोरडे पडले असतील तर खोबरेल लाव, पण बेचकीत तेल नको, तिथे ओल राहून कुजतं. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. घट्टा असेल तर घरी ब्लेड लावायचं नाही, कुरुपाची पट्टी लावायची नाही. गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको. घरातही अनवाणी फिरू देऊ नकोस, आणि बूट घालण्याआधी झटकून आत हात घालून बघ. फोड, चीर, रंग बदललेली जागा, ऊन लागणारी जागा, काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. 'बघू दोन दिवस' म्हणायचं नाही. या दोन दिवसांत बोटं गेलेली मी पाहिलीत.

आणि याची साक्ष मंडळीत देऊ नकोस. निदान वर्षभर तरी नको.


जालन्याची_लेक

सिस्टर, सलाम. वाचून मन भरलं, तरी मला एक बोलायचंय आणि ते गोड लागणार नाही.

आमची पणजी गावकुसाबाहेरची. वाकायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. पाटलाच्या वाड्यावरून जाताना मान वर करायची सोय नव्हती. आमच्या घरात येशूची ओळख झाली ती 'लीन हो' या शब्दाने नाही. 'तू देवाची लेक आहेस' असं कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं आणि तिच्या मुली मिशनच्या शाळेत बाकावर बसल्या. जमिनीवर नाही, बाकावर. आमच्या घरात ती गोष्ट आजही अशीच, बाकासकट सांगतात.

म्हणून मंडळीत लीनतेचा उपदेश सुरू झाला की मी आधी बघते, कोणाला सांगतायत. बहुतेक वेळा बायकांना, सुनांना, गरिबांना. नवऱ्याचा मार खाणाऱ्या एका बाईला "नम्र हो, सहन कर, प्रभू बघतोय" म्हणून घरी परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. हे ख्रिस्ताच्या नावाने चालतं याचा मला संताप येतो.

लूक १३ मध्ये अठरा वर्षं कुबड आलेली बाई आहे. तिला मुळीच सरळ उभं राहता येत नव्हतं. येशू तिला आणखी वाकायला सांगत नाही. स्वतःहून बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती लगेच सरळ होते. राग येतो तो सभास्थानाच्या अधिकाऱ्याला. आणि येशू सगळ्यांदेखत तिला 'अब्राहामाची कन्या' म्हणतो.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं, 'सरस्वती' म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तिथल्याच मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून कडाडून वाद घातला. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण टाकणार नाही, हा त्यांचा पवित्रा शेवटपर्यंत होता. आज्ञाधारक म्हणून त्यांची कोणी वाखाणणी केली नसती. आणि त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, विधवा मुली गोळा करून केडगावला घेऊन येतात. संस्कृत जिभेवर असलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीकशी झटत पवित्र शास्त्राचं मराठी करते, आणि ते मुद्दाम सोपं करते, कमी शिकलेल्या बायकांना समजावं म्हणून. पंडितांनी वाहवा करावी अशी मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. छापखान्यातली कामंसुद्धा मुक्तीतल्या, म्हणजे केडगावच्या त्यांच्या आश्रमातल्या, बायकांनीच केली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तोवर हे काम हातात होतं.

नम्रता म्हणायची तर मी याला म्हणेन. पण यात मान खाली घालणं कुठेही नाही. पुण्याच्या भावाला सिस्टरांचं उत्तर लागू पडतं, कारण तो पुरुष आहे, पंच आहे, माईक त्याच्या हातात आहे. हे सगळ्यांना सरसकट सांगू नका, एवढीच विनंती.


निवृत्त_सिस्टर (मिरज)

जालन्याच्या ताई, तुमचं गोड लागायची गरजच नाही, खरं आहे. मार खाणाऱ्या बाईला परत पाठवणं हे पाप आहे. तिथे नम्रतेचा विषयच येत नाही, तिथे दार उघडून तिला आत घ्यायचा विषय येतो.

फिलिप्पै २ मध्ये क्रम काय आहे बघा. तो देवाच्या स्वरूपाचा होता. मग त्याने स्वतः स्वतःला रिक्त केलं. कोणी त्याला खाली ढकललं नाही. ज्याला आयुष्यभर खाली दाबून ठेवलंय त्याला आधी उभं करायचं असतं.

आमच्याकडे पेशंट पहिल्यांदा आला की त्याला आधी खुर्ची द्यायचो. हे लोक दाराबाहेर उकिडवे बसायचे, अंगणातूनच बोलायचे. तपासणी नंतर, नाव-गाव नंतर, आधी खुर्ची. एक म्हातारबाबा होते, ते कित्येक दिवस खुर्चीच्या अगदी कडेला टेकायचे. पाय धुवायला बसलं की पाय आत ओढून घ्यायचे. "नका बाई, तुम्ही लांबच बऱ्या." मी त्यांना हात लावत नव्हते, नुसती घमेल्यात पाणी भरून समोर बसत होते. एक दिवस त्यांनी आपणहून पाय पाण्यात सोडला. पुढे तेच बाबा नवीन आलेल्यांचे तळवे तपासायचे, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. ते कोणासमोर वाकून असतात असं मला तरी कधी दिसलं नाही.

त्या रात्री येशूचा शिष्य पेत्र यानेही पाय मागे घेतले होते. "माझे पाय तुम्हाला कधीही धुऊ देणार नाही." पुण्याच्या बाळा, ही बाजूही तुझ्यासाठी आहे. तू सगळीकडे पुढे होऊन करतोस, चालवतोस. तुझ्यासाठी कोणी काही केलेलं तुला चालतं का? पुढच्या आजारपणात मंडळीतलं कोणी डबा घेऊन आलं तर "कशाला त्रास घेतलात" न म्हणता तो घे आणि खा.


वसईचा_वाडवळ

मी कॅथलिक, त्यामुळे जरा वेगळ्या अंगणातून बोलतो. चालेल ना?

आमच्याकडे ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी मिस्सामध्ये (उपासनेत) फादर बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून रोमने त्यात बायकांनाही मोकळीक दिली. त्याआधीच, २०१३ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्यावर लगेचच्या पवित्र गुरुवारी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन मुलांचे पाय धुतले होते. त्यांत मुलीही होत्या, मुसलमानही होते. तो विधी मला फार प्रिय आहे. पण गावात त्या बारांत नाव येणं हा मान समजला जातो, आणि येणारे सगळे घरून पाय स्वच्छ घासून येतात. सिस्टरांची ओसरी वाचल्यावर कळलं की विधीत कुठली गोष्ट येऊ शकत नाही.

भावा, तुझ्या प्रश्नावर मला लिझ्यूची संत तेरेझा आठवली. २४ व्या वर्षी, १८९७ साली गेली. पंधराव्या वर्षापासून मठातच. तिच्या आठवणींत एक म्हातारी सिस्टर आहे, आजारी आणि स्वभावाने फार कठीण. संध्याकाळच्या प्रार्थनेतून तिला जेवणघरापर्यंत धरून न्यावं लागायचं. तेरेझाने ते काम आपणहून मागून घेतलं. पाट कसा उचलायचा, मागून पट्ट्याला कसं धरायचं, किती हळू चालायचं, सगळं म्हातारीच्या सांगण्याप्रमाणे. जरा वेगात चाललं तर ती ओरडायची, जरा हळू झालं तर "तुझा हात कुठे गेला, मी पडणार" म्हणून ओरडायची. जेवणघरात नेऊन बसवलं की तेरेझाचं काम संपायला हवं होतं. पण तिच्या लक्षात आलं की म्हातारीच्या हातांना पाव कापायला त्रास होतो. मग ती रोज पाव कापून द्यायला लागली आणि जाण्यापूर्वी एकदा हसून बघायची. तेरेझा लिहिते की न मागता केलेल्या या पाव कापण्याने म्हातारी हेलावली, आणि तिचं मन जिंकलं ते त्याने आणि विशेष करून त्या हसण्याने.

हीच सिस्टरांची करंगळी, नाही का?

दुसरं एक व्यवहारातलं. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठाची नियमावली लिहिली, तिच्यात स्वयंपाकघराच्या पाळ्या आहेत. आठवड्याची पाळी, आजारी किंवा मोठ्या जबाबदारीच्या कामात असलेले सोडून कोणाला सूट नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने भांडीकुंडी स्वच्छ करून द्यायची, हातपाय पुसायची फडकी धुवायची, आणि पाळी सोडणारा व पाळी घेणारा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. त्याने नम्रतेच्या बारा पायऱ्याही लिहिल्यात, पण मला ही पाळी जास्त कामाची वाटते. तुला नम्र वाटतंय की नाही, हे कोणी विचारतच नाही. आठवडा तुझा आहे, फडकी धुवायची.

तुम्ही पंच आहात तर एक करून बघा. तुमच्याकडे उपासनेनंतर चहा असेलच. कप कोण धुतं? आमच्याकडे ठरलेल्या चार बायका धुवायच्या. आता भिंतीवर पाळ्यांचा कागद आहे, त्यात पॅरिश कौन्सिलच्या (चर्चच्या कमिटीच्या) पुरुषांची नावं वरती आहेत. पहिल्या महिन्यात कुरबूर झाली, मग थांबली. जालन्याच्या ताई म्हणाल्या त्याचंही थोडं उत्तर त्यात आहे, खाली कोणी बसायचं ते त्या कागदावर सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं.


पुण्याचा_पंच

सगळ्यांचे आभार. विशेष सिस्टर, तुमचे.

आईला म्हटलं, दाखव. तिने चष्मा माझ्या हातात दिला, म्हणाली, "मला बेचकीतलं नीट दिसत नाही रे आता, अंदाजाने करते." हे मला माहीत नव्हतं. उजव्या पायाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटात कातडी पांढरी, ओली झाली होती. डॉक्टरांना दाखवलं, बुरशी आहे, मलम दिलंय, वेळेत आलात म्हणाले. बाकी यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही सांगितलंय म्हणून.

चहाच्या पाळ्यांचं पुढच्या पंचमंडळाच्या बैठकीत मांडतो. जालन्याच्या ताई, आमच्याकडेही कप बायकाच धुतात. कोण कोण धुतं ते मला सांगता आलं नसतं.

एक विचारायचं राहिलं. नाताळच्या उपासनेत एकट्याने म्हणायचं गीत दरवर्षी माझ्याकडे असतं. दहावीतला एक मुलगा आहे, गळा चांगला आहे. मी बाजूला होऊन त्याला द्यावं का? की हाही पुन्हा माझ्या त्यागाचा कार्यक्रम होईल? मनाची ही उलटतपासणी थांबत नाही.


निवृत्त_सिस्टर (मिरज)

पांढरी कातडी वेळेत दिसली, देवाची स्तुती असो. मलम डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस लाव, बरं दिसायला लागलं म्हणून मध्येच सोडू नकोस. मोजे सुती, रोज धुतलेले.

गाण्यातलं मला कळत नाही. ते जालन्याच्या ताईंना विचार, त्यांच्या मागच्या एका धाग्यावर त्या संगीत शिकवतात असं वाचलंय.


जालन्याची_लेक

हो, शाळेत शिकवते, आणि मंडळीत पेटी वाजवते.

भाऊ, तू गाणं सोडू नकोस. देवाने गळा दिलाय. सगळं सोडून बाजूला झालास तर लोक उपासनेनंतर तुझ्याच सोडण्याबद्दल बोलतील, आणि त्या मुलाला पूर्ण गीत एकट्याने पेलवायचं ओझं वेगळंच. दोघं मिळून म्हणा. पहिलं कडवं त्याला दे, दुसरं तू घे, ध्रुपद सगळ्या मंडळीला.

पण पट्टी त्याची धर. हे मी मुद्दाम सांगतेय. दरवर्षी तू म्हणतोस म्हणजे पेटीवाल्यालाही तुझ्या पट्टीची सवय झाली असणार. दहावीतल्या मुलाचा आवाज नुकता फुटलेला असतो, तुझा वरचा सा त्याच्या गळ्याला बोचेल, आणि तो लाजून सांगणारही नाही. सरावाच्या पहिल्या दिवशी पेटी बंद ठेव. त्याला नुसतं गुणगुणू दे, त्याचा सा कुठे बसतो ते ऐक, मग सूर लाव. तुझा भाग त्यामुळे खाली जाईल, तुझी ती उंच जागा यंदा येणार नाही. खर्जात स्वच्छ म्हणायला मेहनत लागते, ती आत्तापासून कर.

आणि सराव शनिवारी संध्याकाळी ठेवत असाल तर आधी त्याला विचार. दहावीच्या मुलांचे क्लास नेमके तेव्हाच असतात.